अपघातातल्या माणसाचं रक्त अंगावर उडालं, तर नेमकी भीती कशाची?

तापीकाठ | रात्री ९:४०

मंडळी, तातडीचं विचारायचं आहे म्हणून नवा धागा काढतोय. आज दिवेलागणीला पारोळ्याकडून धुळ्याला येताना फागण्याजवळ एक मोटारसायकल कापसाच्या ट्रॉलीवर मागून आदळलेली दिसली. ट्रॉलीला ना दिवा ना रिफ्लेक्टर, नेहमीचंच. पोरगा पंचविशीतला, कपाळ फुटलेलं. लोक गोल करून उभे, अर्धे मोबाइल धरून. मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं, खांद्यावरचा टॉवेल घडी करून जखमेवर दाबून धरला आणि १०८ येईपर्यंत तसाच बसलो. पोरगा शुद्धीवर होता, नाव-गाव सांगत होता.

आता प्रश्न. सध्या घरच्या कापसाची वेचणी चालू आहे. बोंडांच्या वाळक्या टोकांनी नखांच्या कडेला कातडी फाटलेली असते, ज्यांनी कापूस वेचलाय त्यांना सांगायला नको. त्या बोटांना कोपरापर्यंत त्याचं रक्त. शिवाय तो एकदा जोरात खोकलला तेव्हा तोंडातलं रक्त माझ्या चेहऱ्यावर उडालं. डोळ्यात गेलं की नाही, छातीठोक सांगता येत नाही. घरी आल्यापासून बायको पोराला माझ्याजवळ येऊ देत नाहीये. शालक म्हणतो, उद्या एचआयव्हीची टेस्ट करून टाका म्हणजे डोक्याला ताप नको. काय करू?

भरीत_पुरी

आधी तुम्हाला दंडवत, भाऊ. तिथे मोबाइल धरून उभे राहणाऱ्यांत तुम्ही नव्हता, हेच खूप झालं. बाकी जाणकार सांगतीलच.

जुना_कंपाउंडर

घाबरायचं काम नाही. बोटं चांगली पिळून पिळून रक्त काढून टाका, वरून स्पिरिट नाहीतर डेटॉल निखालस चोळा. झोंबलं की समजायचं जंतू मेले. सकाळी धनुर्वाताचं एक इंजेक्शन घ्या. आमच्या डॉक्टरांनी जन्मभर हेच केलं.

रात्रपाळी_डॉक्टर | रात्री १०:०५

तापीकाठ, हात-तोंड साबणाने धुतलंत का? नसेल तर हे वाचणं थांबवा, धुऊन या, मग पुढचं वाचा. वाहतं पाणी, साधा अंगाचा साबण. डोळ्यांत नुसतं स्वच्छ पाणी, पापण्या उघडझाप करत भरपूर.

कंपाउंडर आबा, तुमच्या अनुभवाचा मान ठेवून सांगतो, पिळू नका आणि स्पिरिट चोळू नका. पिळल्याने आत गेलेला विषाणू बाहेर येतो याला काही आधार नाही, आणि तिखट औषधाने उघडी कातडी आणखी दुखावते. बोट तोंडात घालून चोखायची सवय असते काहींना, तेही नको. धनुर्वाताचं इंजेक्शन त्याच्या जागी ठीक, पण दुसऱ्याच्या रक्ताशी त्याचा संबंध नाही.

आता मुद्द्याचं. अशा प्रसंगात तीन आजारांचा हिशोब करायचा असतो: हिपॅटायटिस बी, म्हणजे आपल्याकडे जिला पांढरी कावीळ म्हणतात ती, हिपॅटायटिस सी आणि एचआयव्ही. आणि लोक नेमकं उलट्या क्रमाने घाबरतात. आजार असलेल्या माणसाला टोचलेली पोकळ सुई तुम्हाला टोचली असं धरा. तुम्ही लस घेतलेली नसेल तर बी लागण्याची शक्यता शंभरात सहापासून तीसपर्यंत. समोरच्याच्या रक्तात विषाणू किती त्यावर ते ठरतं. सी लागण्याची शंभरात दोनाच्याही आत. एचआयव्हीची हजारात तीन. रक्त डोळ्यात किंवा तोंडात उडालं तर एचआयव्हीची शक्यता हजारात एकाच्याही थोडी खालीच येते. आणि कातडी धड असेल, तिच्यावर नुसतं रक्त सांडलं असेल, तर एचआयव्हीची भीती धरायचं कारण नाही. हे सगळं समोरच्याला आजार असेल तरच, हे विसरू नका. बहुतेकांना नसतोच.

तुमच्या बाबतीत फाटलेली बोटं आणि कदाचित डोळा, म्हणून मी "झोपा आता" असं म्हणणार नाही. एचआयव्ही होऊ नये म्हणून घ्यायच्या गोळ्या असतात, त्याला पेप म्हणतात. शक्य तर दोन तासांत, आणि काही झालं तरी ७२ तासांच्या आत पहिली गोळी पोटात गेली पाहिजे. ७२ तास आहेत म्हणून परवा जाऊ असं करायचं नाही. जितका उशीर तितका उपयोग कमी. द्यायच्या की नाही हे तिथला डॉक्टर जखम बघून ठरवेल, पण ते आज रात्री ठरू द्या. सरकारी मोठ्या दवाखान्याच्या अपघात विभागात जा, "रक्ताचा संसर्ग झालाय, पेपसाठी आलोय" एवढं म्हणा. १०९७ हा एड्स नियंत्रणाचा मोफत फोन आहे, जवळचं केंद्र तिथून कळतं.

आणि तुम्हाला बी ची लस कधी मिळाली होती का?

तापीकाठ

धुतलं होतं लगेच, बोअरच्या पाण्याने आणि साबणाने. लसीचं काही आठवत नाही. वय ३८. निघतोय.

लॅबवाला

ते येईपर्यंत शालकासाठी लिहितो, कारण हा गैरसमज माझ्या काउंटरवर रोज येतो. "काल रक्त लागलं, आज टेस्ट करा, निगेटिव्ह आली की सुटलो." तसं नसतं हो. उद्या सकाळी केलेली टेस्ट तुम्हाला कालपर्यंतचं सांगते, कालच्या रक्ताचं काही सांगत नाही. विषाणू शिरल्यावर शरीरात त्याच्याविरुद्ध काही तयार होऊन मशीनला दिसायला आठवडे लागतात. म्हणून पहिली टेस्ट लगेच करायची ती फक्त सुरुवातीची नोंद म्हणून. मग सहा आठवड्यांनी, मग तीन महिन्यांनी, आणि काही डॉक्टर सहा महिन्यांनी एकदा बोलावतात.

दुसरं. वाळलेलं रक्त म्हणजे मेलेलं रक्त, असं समजू नका. एचआयव्ही बाहेर पडला की लवकर निकामी होतो, हवा आणि कोरडेपणा त्याला मानवत नाही. पण बी चा विषाणू वाळलेल्या डागात निदान सात दिवस जिवंत राहू शकतो. टेबलावर, ब्लेडवर, टॉवेलवर. आमच्याकडे नवा मुलगा कामाला लागला की आधी बी ची लस, मग पगाराचं बोलणं.

सिस्टर_चाळीसगाव

लॅबवाल्यांशी शंभर टक्के सहमत. एक वेगळी गोष्ट, रागावू नका तापीकाठ भाऊ. अपघातात पडलेल्या माणसाचं डोकं उचलून मांडीवर घेऊ नये. मान मोडलेली असेल तर हललेली मान महागात पडते. आहे तसं राहू द्यायचं, जखमेवर दाब द्यायचा, एवढंच. दाबायचं काम तुम्ही बरोबर केलंत.

हातमोजे कोण घेऊन फिरतं, असं सगळे म्हणतात. मी स्कूटीच्या डिकीत दोन जोड ठेवते, मेडिकलवर दहा-वीस रुपयांत मिळतात. नसतील तर किराण्याची पिशवी हातावर चढवायची आणि गाठ मारायची. तीही नसेल तर टॉवेलची जाड घडी आपल्या हात आणि जखम यांच्या मध्ये. घडी भिजली की ती काढायची नाही, वरून दुसरी ठेवायची. काढली की गोठायला लागलेलं रक्त पुन्हा वाहतं. चष्मा असेल तर काढू नका. उघड्या डोळ्यांपेक्षा चष्मा बराच. आपल्या हातावर जखम असेल आणि शेजारी धड हाताचा माणूस उभा असेल तर त्याला सांगा, "तुम्ही दाबा, मी सांगतो कसं." उभे राहणारे बहुतेक मदत करायला तयार असतात, त्यांना फक्त कुणी सांगावं लागतं.

भरीत_पुरी

आणि पोलिसांची भानगड? लोक त्याचीच जास्त भीती घेतात, रक्ताची नाही.

सिस्टर_चाळीसगाव

ती भीती आता कायद्याने काढलीये. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४-अ कलम आलं. चांगल्या मनाने मदत करणाऱ्यावर दिवाणी-फौजदारी दायित्व येत नाही. नाव सांगायचं की नाही हेही त्याच्या मर्जीवर.

रावेरी_केळी

धागा वाचतोय म्हणून सांगतो, हा विषय निघाला की आमच्या पोटात गोळा येतो. दर एक-दोन वर्षांनी व्हॉट्सअॅपवर तो फोटो फिरतो ना, केळं मधोमध सोललेलं, आत लाल रेघ, खाली "एचआयव्हीचं रक्त टोचलेली केळी बाजारात, सावधान". भाऊ हो, ती लाली केळीवरच्याच रोगाची आहे, बुरशी नाहीतर जिवाणूमुळे येते. आणि रक्त टोचलेलं जरी धरलं, तरी केळ्यात तो विषाणू किती जगणार आणि पोटातल्या आम्लात किती? २०१६ ला जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा पेढे वाटले होते. आणि एका फॉरवर्डने व्यापारी क्विंटलमागे भाव पाडायचा बहाणा शोधतो. पाठवणाऱ्याला फोन करून विचारलं तर म्हणतो, "आलं तसं पाठवलं."

रात्रपाळी_डॉक्टर

रावेरी, तुमचं बरोबर आहे. खाण्यातून, डास चावून, एका ताटात जेवून, हात मिळवून, संडास वापरून यांतलं काहीही होत नाही. डासाचं तर लोक फार विचारतात. मलेरियाचा जंतू डासात वाढतो, एचआयव्ही डासात वाढतच नाही, पचून जातो.

तापीकाठ यांच्या घरासाठीही हेच. आंघोळ झाली, कपडे बदलले, की पोराला जवळ घ्या. पोर लहान असेल तर त्याला दीड-अडीच-साडेतीन महिन्यांचं असताना जी पेंटाव्हॅलंटची सुई मिळते तिच्यात बी ची लस असतेच. म्हणजे घरात सगळ्यात सुरक्षित कदाचित तोच.

अनामिक_सदस्य

नाव बदलून लिहितोय. मी बरीच वर्षं एआरटीवर, म्हणजे एचआयव्हीच्या उपचाराच्या गोळ्यांवर आहे. सरकारी गोळ्या, फुकट. २००४ पासून देशात फुकट मिळतात म्हणून माझ्यासारखे आज शेती बघतात, पोरांची लग्नं लावतात. माझ्या रक्तात विषाणू इतका कमी आहे की मशीनला मोजता येत नाही. अशा माणसाच्या रक्ताने दुसऱ्याला लागण्याची शक्यता खूपच घटते, हे डॉक्टरांनी मला समजावलं आहे.

मी लिहायचं कारण वेगळं. "समोरच्याला विचारून घ्या, त्याला काही आहे का" असं वर कुणी लिहिलं नाही हे बरं वाटलं. पण पुढे कुणी लिहील. रस्त्यावर पडलेल्या माणसाला ते विचारू नका. मी पडलो तर मी "नाही" म्हणेन, कारण "हो" म्हटल्यावर लोकांचे हात मागे सरकताना मी पाहिलेत. प्रत्येकाच्या रक्ताला सारखीच काळजी घ्या. मला विचारावं लागणार नाही आणि तुम्हाला कुणाच्या उत्तरावर भरवसा ठेवावा लागणार नाही.

लॅबवाला

याच्यावर काही लिहायची गरज नाही. फक्त माहितीसाठी: २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा आहे, २०१८ च्या सप्टेंबरपासून लागू झाला. संमतीशिवाय टेस्ट नाही, नाव फोडणं नाही, नोकरी-दवाखान्यात भेदभाव नाही.

तापीकाठ | दुसऱ्या दिवशी दुपारी

काल तुमच्यामुळे निघालो, नाहीतर झोपलो असतो. आधी जवळ म्हणून एका खाजगी हॉस्पिटलात गेलो. रिसेप्शनवरच्या मुलाने मोठ्याने आत विचारलं, "सर, एचआयव्हीवालं कोणी आलंय, घ्यायचं का?" वेटिंगमधली सगळी डोकी वळली. आतून निरोप आला, तीन महिन्यांनी टेस्ट करा. गोळ्यांचं नावही नाही. मग सरकारीत गेलो. गर्दी होती, पण ड्यूटीवरच्या मॅडमनी बोटं टॉर्च लावून पाहिली, डोळ्याचं विचारलं, काय कुठे लागलं ते लिहून घेतलं. बी सकट टेस्टसाठी रक्त काढलं, पहिली गोळी तिथेच त्यांच्यासमोर खाल्ली. एकच गोळी, रोज एक, २८ दिवस. बी च्या लसीचा पहिला डोसही टोचला. सकाळपासून मळमळतंय जरा, बाकी ठीक.

एक विचारायचं राहिलं. त्या पोराचं कळलं तर?

रात्रपाळी_डॉक्टर

छान झालं. ती गोळी टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राव्हिर यांची असणार. मळमळ, डोकं जड, झोप उडणं हे पहिले काही दिवस होतं. रात्री जेवणानंतर घेऊन बघा, पण वेळ रोज तीच ठेवा. मनाने बंद करू नका. बी ची टेस्ट त्यांनी घेतली हे उत्तम, कारण यातली दोन औषधं बी वरही चालतात. ज्याला आधीच बी असेल त्याने ती एकदम सोडली तर यकृत भडकू शकतं.

तो पोरगा शुद्धीवर असेल तर उपचार करणारे डॉक्टर त्याची संमती घेऊन तपासणी करू शकतात. तुम्ही वॉर्डात जाऊन विचारायचं नाही. काल तुमची जखम पाहिली त्या मॅडमना फक्त त्याचं नाव आणि अपघाताची वेळ सांगा, डॉक्टर-डॉक्टरांत बोलतील. तो निगेटिव्ह आला तर साधारणपणे तुमच्या गोळ्या थांबवतात. त्याला बी असेल तर तुम्हाला लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनचं, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन लागेल. ते २४ तासांत सगळ्यात चांगलं, सात दिवसांपर्यंत देता येतं. सी साठी लस नाही, आधी घ्यायची गोळीही नाही. पण ते झालंच तर बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी बहुतेक लोक पूर्ण बरे होतात, आणि २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात त्या मोफत आहेत.

शेवटची टेस्ट होईपर्यंत निरोध वापरा आणि रक्तदान करू नका. एवढंच.

धुळेकर_आप्पा

काय भो, आते कसं शे? फोन कर मले.

तापीकाठ

बरं शे आप्पा. करस सांजले.

कटिंगवाला

आमचं अमळनेरला दुकान आहे, बाप-आजाचं. लॅबवाल्यांनी ब्लेडवर बी सात दिवस राहतो लिहिलं ते वाचून विचारतो. आम्ही ब्लेड मोडून अर्धं करतो, एका गिऱ्हाइकाला एक अर्धं, मग फेकतो. वस्तरा दगडावर घासून चालवायचे दिवस गेले. मग आता धोका कुठे राहिला?

लॅबवाला

उत्तम करता. पण तुरटी? तो मोठा खडा एका गालावर फिरवला, पाण्यात बुडवला, पुढच्या गालावर फिरवला. दाढीला बारीक कापलेलं असतंच, दिसत नसलं तरी. तुरटीने रक्त थांबतं, विषाणू मरत नाही. वाटीतलं ते पाणीही सकाळपासून तेच असतं.

कटिंगवाला

खरं आहे. तुरटीची पावडर पाण्यात विरघळवून स्प्रेच्या बाटलीत भरली तर? खडा कुणाला लागणारच नाही.

लॅबवाला

बेस्ट. आणि अर्धं ब्लेड बसवतो त्या पकडीच्या दांड्याची खाच ब्रशने धुवा, तिथे केसाबरोबर रक्त अडकतं. मोडलेली ब्लेडं पत्र्याच्या डब्यात, कागदाच्या पुडीत नको.

शहादेकरीण

ब्लेडवरून आठवलं. मार्गशीर्षात दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा भरते, घोडे बघायला अख्खं राज्य येतं. घोड्यांच्या बाजाराच्या अलीकडे गोंदणवाले ओळीने बसतात. मशीन कर्कर चालतं, पोरींची रांग. मी मुद्दाम उभी राहून पाहिलं. सुई तीच, शाईची वाटी तीच. एकीचं नाव झालं की कळकट फडक्याने हात पुसायचा, त्याच फडक्याने दुसरीचा. सुईवर आलेलं रक्त शाईत जातंच की. नवी सुई मागा म्हटलं तर तो माणूस म्हणाला, "ताई, दहा रुपयांचं नाव, त्यात नवी सुई कुठून आणू?"

सिस्टर_चाळीसगाव

यात त्याचंही चुकत नाही, दहा रुपयांत नाही परवडत. पण हौस असेल तर सुई समोर पाकिटातून काढणारा आणि शाई वेगळ्या टोपणात ओतून घेणारा शोधा, पैसे जास्त द्या. कान टोचायलाही तेच. घरी बाळंतपण झालंच तर नाळ कापायला पाकिटातलं नवं ब्लेड, आणि सुईणीच्या हातात मोजे. आशाताईकडे असतात, मागून घ्या.

सातपुडा_पायथा

नवीन सदस्य. धडगाव भागात शिक्षक आहे. आमच्याकडे प्रश्न वेगळा आहे. शाळेत सिकलसेलची तपासणी झाली, काही मुलांना पिवळं कार्ड मिळालं. तेव्हापासून एका आईने मुलाला त्या मुलांजवळ बसवू नका सांगितलंय. गुडघा खरचटला आणि रक्त लागलं तर आपल्याला होईल म्हणून. काय समजावू?

रात्रपाळी_डॉक्टर

गुरुजी, तिला स्पष्ट सांगा की सिकलसेल लागत नाही, तो येतो, आईबापांकडून जन्माबरोबर. रक्तात पोहून ये म्हटलं तरी दुसऱ्याला होणार नाही. यात जंतू नाही, हिमोग्लोबिनच्या रचनेतला फरक आहे. आईबाप दोघेही वाहक असतील, म्हणजे स्वतःला आजार नसताना तो दोष अंगात असेल, तर प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक. म्हणून तपासणी लग्नाच्या आधी कामाची. पिवळं कार्ड बाकावर बसण्यासाठी नाही, पुढे सोयरीक जुळवताना बघण्यासाठी आहे.

गुडघा खरचटला तर मात्र कोणत्याही मुलाचं रक्त पुसताना हातात पिशवी घाला. सिकलसेल असो नसो.

सातपुडा_पायथा

आभारी आहे, पालकसभेत हेच वाचून दाखवतो. शाळेच्या ओट्यावर रक्त सांडलं तर काय टाकायचं? फिनाइल आहे.

रावेरी_केळी

फिनाइलने वास जातो फक्त.

सिस्टर_चाळीसगाव

ग्रामपंचायतीकडे विहिरीत टाकायची टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर असते ना, तीच. जलसुरक्षकाकडून आणा. एक लिटर पाण्यात साधारण तीस ग्रॅम. ताजी लागते, उघडी पडलेली आणि वास उडालेली नको. सांडलेल्या रक्तावर आधी जुना पेपर किंवा फडकं टाका, त्यावर हे पाणी ओता, अर्धा तास तसंच राहू द्या, मग हातमोज्याने गोळा करा. उलटं करू नका, म्हणजे आधी झाडूने पसरवायचं आणि मग पाणी ओतायचं. पाणी रोज नवं करा, कालचं चालत नाही. रंगीत कपड्यावर टाकू नका, डाग जाईल पण कापडही जाईल. कपडे साबणाच्या पाण्यात भिजवून वेगळे धुतले तरी पुरे. आणि फिनाइलबरोबर किंवा संडासच्या अॅसिडबरोबर हे मिसळायचं नाही, अॅसिडबरोबर तर विषारी वायू सुटतो.

तापीकाठ

दवाखान्यातून फोन आला. मॅडम म्हणाल्या, गोळ्या बंद करा, लसीचे पुढचे दोन डोस मात्र वेळेवर घ्या, एक महिन्यानंतर आणि सहा महिन्यांनी. कारण विचारलं तर म्हणाल्या, "तेवढंच सांगू शकते." मी काय समजायचं ते समजलो. पोरगा बरा आहे म्हणे, टाके पडले.

अनामिक_सदस्य

त्यांनी बरोबर केलं.

लॅबवाला

तिन्ही डोस झाल्यावर महिना-दोन महिन्यांनी एकदा टायटर, म्हणजे लसीने रक्तात किती प्रतिकारशक्ती आली ते, बघून घ्या. दहाच्या वर आलं की पुढे चिंता नाही. बहुतेकांचं येतंच, पण काहींचं येत नाही, त्यांना पुन्हा डोस लागतात.

घंटागाडी

हा धागा माझ्या पोराने वाचून दाखवला. मी कचऱ्याच्या गाडीवर आहे. तुमचं अपघाताचं झालं, कटिंगचं झालं. आम्हाला घराघरातून सुया येतात त्याचं कोणी बोललं नाही. दवाखान्याचा कचरा वेगळ्या पिवळ्या-लाल पिशवीत जातो, सुयांना पांढरा डबा असतो, ते नियमाने आहे. पण साखरेवाले लोक घरी इन्सुलिन घेतात आणि सुई तशीच ओल्या कचऱ्यात टाकतात. पिशवी उचलली की हातात. मुकादम म्हणतो हातमोजे घाल. हातमोजा फाडून सुई आत जाते, साहेब.

सिस्टर_चाळीसगाव

दादा, टोचली तर वर डॉक्टरांनी लिहिलंय तेच, धुवा आणि त्याच दिवशी जा. मुकादमाला कळवून लेखी नोंद करायला लावा, तुमचा तो हक्क आहे. आणि पुढच्या वेळची वाट न बघता बी च्या लसीचं आधी विचारा. हे काम करणाऱ्या प्रत्येकाला ती मिळाली पाहिजे.

बाकीच्यांनो, ज्यांच्या घरी इन्सुलिन आहे त्यांनी वाचा. सुईवर टोपण परत लावायला जाऊ नका, तिथेच बोटाला टोचते. जाड प्लास्टिकची रिकामी बाटली घ्या, कपडे धुवायच्या लिक्विडची किंवा फ्लोअर क्लीनरची. वापरली की सुई थेट त्यात टाका, झाकण घट्ट लावा. पाण्याची पातळ बाटली नको, दाबली की सुई बाहेर येते. पाऊण भरली की टेपने बंद करायची.

भरीत_पुरी

आमच्या आईची अशी एक बाटली भरलीये. द्यायची कुठे? मेडिकलवाला घेत नाही.

लॅबवाला

घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमात घरातल्या वापरलेल्या सुया घरगुती घातक कचऱ्यात धरल्या होत्या. ओला नाही, सुका नाही, तिसरा वेगळा. गाडीवर त्याला वेगळा कप्पा असायला पाहिजे. नसेल तर नगरपालिकेच्या आरोग्य विभागात विचारा. आमच्या लॅबमध्ये ओळखीच्यांच्या बाटल्या आम्ही घेतो, आमच्या डब्याबरोबर जातात.

घंटागाडी

आमच्या गाडीला तो कप्पा आहे पण त्यात सगळे चपला टाकतात. बाटलीवर मोठ्या अक्षरात "सुया" लिहा आणि माझ्या हातात द्या, डब्यात टाकू नका. मी पुढे ड्रायव्हरच्या सीटखाली ठेवतो.

भरीत_पुरी

लिहिलं. गाडी किती वाजता येते देवपूरला?

घंटागाडी

साडेसात. गाणं ऐकू आलं की खाली या.